वाऱ्याची पाळी

संघभावनेवरचे त्या दिवसाचे पहिले भाषण आबासाहेबांनी सकाळी पावणेसहाला केले. चौघांच्या संघातले दोघे तेव्हा चाकांत हवा भरत होते आणि तिसरी हेल्मेटचा पट्टा आवळत होती. भाषण त्यामुळे अडले नाही. सावेडीत त्यांचे स्पर्धा परीक्षांचे क्लास होते. समोरचा ऐकतो आहे की नाही याचा आपल्या बोलण्यावर परिणाम होऊ देण्याची सवय त्यांना राहिली नव्हती.

"सायकलिंग म्हणजे काय? एकमेकांसाठी वारा झेलणं. पुढचा वारा कापतो, मागच्यांना आडोसा मिळतो, त्यांची ताकद वाचते. प्रत्येकाची पाळी दोन मिनिटांची. पाळी संपली की बाजूला व्हायचं आणि रांगेत शेवटी जायचं. पाळी कुणी चुकवायची नाही. जो नुसता मागे बसतो तो सायकलस्वार नव्हे, पॅसेंजर!"

"वाक्य लई भारी हाय," पंपावरून मान न उचलता काकासाहेब म्हणाले. "जर्सीवर छापून घ्या."

काकासाहेबांचे तिसगावात ठिबकच्या पाइपांचे दुकान होते. वय अठ्ठेचाळीस, पोट थोडे सुटलेले, सायकल जुनी. पार्थ हा आबासाहेबांचा एके काळचा विद्यार्थी. आता घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करीत असे आणि अजूनही सरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवीत असे. चौथी विजयमाला. ती शेवगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात परिचारिका होती. संघातल्या मूळ चौथ्या माणसाचा गुडघा ऐन वेळी दुखावला, तेव्हा काकासाहेबांनी तिचे नाव सुचवले होते. तीन वर्षे ती त्यांना रस्त्यावर दिसत होती: मागे लसीचा डबा बांधलेला, वाडीवस्तीकडे निघालेली, ऊन असो की वारा, वेग तोच.

स्पर्धा साधी होती. नगरहून करंजी घाट उतरून शेवगावला जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे. सुरुवात सहाला. साडेअकराच्या आत ज्या संघाचे तिघे परततील तो संघ राज्य फेरीसाठी पात्र. आणि पुढे नावे जाणार ती त्या पहिल्या तिघांचीच. चौथ्याला पदक आणि केळी.

चौथे कोण, याविषयी आबासाहेबांच्या मनात काही शंका नव्हती. ते त्यांनी विजयमालाला अतिशय सौजन्याने सांगितलेही.

"सिस्टर, तुम्ही येताना घाटापर्यंत साथ द्या. त्यापुढे टेन्शन घेऊ नका. हळूहळू या. फिनिशला आम्ही तुमच्यासाठी टाळ्या वाजवू."

"बरं सर," ती म्हणाली.

तिला राज्य फेरीला जायचे होते. हे तिने कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे तिला वाटत नव्हते. लसीचा डबा मागे न बांधता, कोणाच्या नोंदवहीत हजेरी न लावता, निव्वळ सायकल चालवण्यासाठी एकदा कुठेतरी जावे, एवढीच ती इच्छा होती. नव्या टायरांची एक जोडी तिने जूनमध्येच आणून ठेवली होती.

शेवगावपर्यंत वारा पाठीशी होता. ऑगस्टातला पश्चिमेचा वारा माणसाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त वेग देतो आणि माणूस तो आपलाच समजतो. आबासाहेबांनी या वाटेवर चार पाळ्या घेतल्या, एक तर तब्बल सहा मिनिटांची, आणि तिचे चित्रीकरण पार्थकडून करून घेतले. सव्वाआठला चौघे शेवगावला वळण घेऊन परत फिरले, आणि वारा तोंडावर आला.

तेव्हापासून आबासाहेबांच्या मागे कामे लागली. पहिल्या पाळीला त्यांची पाण्याची बाटली सैल झाली. दुसऱ्या पाळीला चेन आवाज करू लागली. तिसऱ्या पाळीला त्यांना जाणवले की कॅप्टनने मागे राहून सर्वांवर लक्ष ठेवणे अधिक आवश्यक आहे, आणि त्यानंतर त्यांनी कारणे शोधण्याचे कष्टही घेतले नाहीत. पुढचा माणूस बाजूला झाला की ते पेडल मारणे थांबवीत आणि मागून ओरडत, "काकासाहेब, चला! टीम स्पिरिट!" काकासाहेब शिवी गिळून पुढे जात. सरांना सोडून आपणच का राबावे, असा प्रश्न पडल्यामुळे असेल, पार्थचीही पाळी अर्ध्या मिनिटावर आली. वारा कापत राहिले ते दोघेच: ठिबकवाले आणि सिस्टर.

करंजी घाटाच्या मध्यावर काकासाहेबांच्या पोटरीत गोळा आला. ते सायकलवरून उतरले नाहीत, जवळजवळ पडलेच.

"तुम्ही आरामात या, काकासाहेब," आबासाहेब न थांबता म्हणाले. "तिघं पुरेत. सिस्टर, चला. आता तुमचीच जागा पक्की!"

ते खोटे नव्हते. तिने पुढे पाहिले. घाटाचे शेवटचे वळण दिसत होते. दहाला दहा मिनिटे कमी होती. तिघांनी जोर लावला असता तर वेळेत पोहोचणे शक्य होते, आणि तिचे नाव यादीत गेले असते. ती आणखी वीसेक हात गेली. मग तिने ब्रेक दाबला.

"काय झालं?" आबासाहेबांनी वळून विचारले.

"त्यांचा पाय आखडलाय तो तुमच्या पाळ्यांनी. सात वेळा ते तुमच्या जागी पुढं गेले. मी मोजलंय."

"सिस्टर, स्पर्धेत भावना नसते."

"सकाळी होती की, सर."

पार्थ हसला, आणि सरांकडे पाहून त्याने तोंड मिटले. आबासाहेबांनी मग वाद घातला नाही. विजयमालाशिवाय आपले तिघे होत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले होते. परंतु ही बाई घाबरून मागोमाग येईलच, अशी त्यांची खात्री होती. स्त्रियांचे मन आपण ओळखतो असे ते वर्गातही सांगत असत. ते पार्थला घेऊन निघून गेले.

तिने ओआरएसची पुडी बाटलीत घातली, काकासाहेबांचा बूट काढला आणि पंजा वर दाबून धरला.

"ताई, तू जा की. माझ्यापायी कशाला..."

"गप बसा. आणि घोट घोट प्या, गटागटा नको."

"दुकानात मी गिऱ्हाइकाला असाच दम देतो," ते कण्हत म्हणाले.

सहा मिनिटांत ते दोघे पुन्हा सायकलवर होते. घाटमाथ्यावर वारा समोरून नव्हता; उजव्या अंगाने तिरका येत होता. अशा वाऱ्यात आडोसा पुढच्याच्या बरोबर मागे नसतो, त्याच्या डाव्या मागच्या बाजूला असतो. पुस्तकात वाचून नव्हे, रोज त्याच रानातून जाऊन विजयमालाला हे ठाऊक होते. ती डांबराच्या कडेपासून एका सायकलीइतकी जागा सोडून चालवू लागली आणि काकासाहेब त्या जागेत शिरले. पाय मोकळा झाला तशी त्यांनीही पाळ्या घ्यायला सुरुवात केली. आधी छोट्या, मग पुऱ्या दोन मिनिटांच्या.

चांदबीबी महालाचा डोंगर दिसू लागला तेव्हा त्यांना पुढे एक विलक्षण दृश्य दिसले. आबासाहेब आणि पार्थ रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने चालले होते. पार्थ हळू झाला की आबासाहेब त्याहून हळू होत; आबासाहेब चुकून अर्धे चाक पुढे गेले तर लगेच ब्रेक लावीत. हजारो विद्यार्थ्यांना नेतृत्वगुण शिकवलेला तो माणूस, वाऱ्यात पहिला होण्याचे टाळण्यासाठी, पंचवीस वर्षांच्या पोराशी मागे राहण्याची शर्यत लावून बसला होता.

"लगीन जमतंय का मोडतंय?" काकासाहेबांनी जाता जाता विचारले.

दोघे घाईघाईने मागे लागले. पण तिथे जागा नव्हती. विजयमाला डांबराच्या कडेपासून एका सायकलीच्या अंतरावर होती, त्या अंतरात काकासाहेब होते, आणि त्यांच्या डावीकडे साइडपट्टीवरची खडी.

"सिस्टर, जरा उजवीकडे सरका ना!" आबासाहेब ओरडले. "आम्हाला आडोसाच मिळत नाही. थोडी तरी जागा ठेवा!"

"जागा हाय की, सर. माझ्या पुढं सगळी मोकळीच हाय," विजयमाला म्हणाली.

विजयमालाची पाळी संपत आली होती. घड्याळात दहा वाजून त्रेपन्न झाले होते. अकराच्या पुढे हे असेच चालले तर दोघेच वेळेत पोहोचतील, आणि दोघांना कोणी विचारीत नाही, हे तिला माहीत होते. तरी ती सरकली नाही. आबासाहेबांना ओढत नेले तर आपले नाव यादीत जाईल, पण त्यांच्या नावाशेजारी. आणि ते तिला नको झाले होते.

तेवढ्यात उजवीकडून पार्थ पुढे आला. वाऱ्याने त्याचे तोंड वाकडे झाले होते.

"ताई, मी घेतो."

"दोन मिनिटं?"

"दोन."

"पार्थ!" मागून आबासाहेबांचा आवाज आला. "पार्थ, थांब, आपलं ठरलंय..."

काय ठरले होते ते वाऱ्यात कोणाला ऐकू आले नाही. पार्थ रस्त्याच्या थोडा उजवीकडे राहिला, त्याच्या डाव्या मागे विजयमाला, तिच्या मागे काकासाहेब. तिरकी रांग डांबराच्या कडेला जाऊन संपली. पार्थने दोन मिनिटे पुरी केली, आणि आणखी अर्धे मिनिट, बहुधा मागचे फेडण्यासाठी. मागे वळून पाहायला सवड झाली तेव्हा आबासाहेब रस्त्यावर एक पिवळा ठिपका होते.

तिघे काकासाहेबांच्या घड्याळात अकरा छत्तीसला, पण खरे अकरा सव्वीसला पोहोचले. ते घड्याळ दहा मिनिटे पुढे असल्यामुळे काकासाहेबांना शेवटच्या दोन किलोमीटरांत जे काही सोसावे लागले, ते त्यांनी पुढे बरेच दिवस दुकानात सांगितले.

आबासाहेब अकरा त्रेचाळीसला आले. पाणी प्यायले आणि सरळ माइककडे गेले. "कॅप्टनचं काम काय?" त्यांनी जमलेल्यांना विचारले. "स्वतःची जागा सोडून इतरांना पुढे पाठवणं!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे लोक वाईट नव्हते. ते रस्त्यावर नव्हते, इतकेच.

नंतर ते टेबलापाशी आले. वेळनोंदणी करणारी पंकजा तिथे राज्य फेरीचे अर्ज भरून घेत होती. आबासाहेबांनी विजयमालाला जरा बाजूला घेतले आणि आवाज खाली आणला.

"सिस्टर, अर्जात बदली खेळाडूची सोय आहे. वैद्यकीय कारण लागतं. काकासाहेबांचं वय बघा, ते गोळे बघा. उद्या काही झालं तर? तुम्ही आरोग्य खात्यातल्या. तुमच्या एका ओळीला वजन आहे. मी क्लबचा अध्यक्ष म्हणून सांगतो, पुढच्या वर्षी तुमची जागा कायमची."

विजयमालाने त्यांच्याकडे पाहिले. तिला राग आला नाही. उपकेंद्रात येऊन खोटा दाखला मागणारी माणसे तिने पुष्कळ पाहिली होती. त्यांची समजूत काढण्याची तिची एक पद्धत होती.

"तपासल्याशिवाय कसं लिहू, सर?"

ती खुर्चीवर पाय लांब करून बसलेल्या काकासाहेबांकडे गेली, त्यांचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. आबासाहेब आशेने उभे होते. पंकजाने पेन उचलले.

"काय लिहू?"

"लिहा, तब्येत उत्तम."

"आन् सरांचीबी बघ की," काकासाहेब म्हणाले. "मागं बसून बसून आखडले आसतील."

आबासाहेबांना तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला. निदान त्यांनी मोबाईल कानाला लावला आणि ते मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

पंकजाने तिसरा अर्ज पुढे सरकवला. विजयमालाने त्यावर आपले नाव लिहिले, वय लिहिले, आणि व्यवसायाच्या रकान्याशी आल्यावर विचारले, राज्य फेरीच्या तारखा कोणत्या. शुक्रवार ते रविवार, असे पंकजा म्हणाली. शुक्रवारी वस्तीवर लसीकरण असते. विजयमालाने फोन काढून तिथल्या आशाताईला लावला आणि त्या आठवड्याचे लसीकरण गुरुवारी घ्यायला सांगितले.