चौथं कडवं

चिठ्ठीत तीच कविता निघाली तेव्हा बारकीने ती पुन्हा उलगडून पाहिली. वाङ्मयाच्या तोंडी परीक्षेची पद्धत अशी होती : चिठ्ठी उचलायची, घरी तयारी करायची आणि परीक्षकांसमोर हातात कागद न घेता त्या कवितेचं रसग्रहण करायचं. तिच्या दादालाही हीच कविता आली होती. तो परीक्षेपर्यंत पोचलाच नाही. आदल्या दिवशी कॉलेजच्या रस्त्यावर ट्रकने त्याला उडवलं.

"मग काळजी कसली?" आई म्हणाली. "तयार आहे की सगळं."

तयार होतं ते दादाच्या फोनमधलं सरावाचं रेकॉर्डिंग. 'पायपुसणं ओलं आहे, म्हणजे कुणीतरी आत आलंय,' अशी कवितेची सुरुवात होती. आलेला माणूस मेलेला आहे, घराच्या ओढीने परतलाय, असं दादाचं म्हणणं. तीन कडव्यांवर तो झकास बोलला होता. चौथ्याच्या तोंडाशी आईची हाक ऐकू येत होती, "जेवायला ये रे, निवतंय!" "आलो गं," म्हणून तो थांबला होता. पुढे काही नव्हतं.

बारकी मागच्या खोलीत मोठ्याने सराव करायची. दार उघडं ठेवायचं, ही आईची अट. एकदा तिने मध्येच स्वतःचं एक वाक्य घातलं, तर स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला.

"ए, तिथे तो जरा थांबतो. मग घसा खाकरतो."

"आई, मार्क मला मिळणार आहेत की दादाला?"

"एवढी शहाणी झाली असशील तर ऐकवू नकोस मला!"

त्यानंतर बारकी तिथे थांबू लागली. घसाही खाकरू लागली. तिसरं कडवं संपलं की आई हाक मारायची, "जेवायला ये रे, निवतंय!" सकाळी, शेगडीवर काही नसतानासुद्धा. बारकी "आलो गं" म्हणायची. आधी आईसाठी म्हणायची, मग आपण म्हणतो हेही तिच्या लक्षात येईना.

चौथं कडवं ती मनातच वाचत होती. त्यात तिला दादापेक्षा उलटं काही दिसत होतं. पण ते त्या घरात मोठ्याने बोलायची तिची छाती होत नव्हती.

परीक्षेला आई बरोबर आली आणि बंद दाराबाहेरच्या बाकावर बसली. आत कॉलेजचे सर होते आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. बारकी छान बोलली. जागच्या जागी थांबली, खाकरली. तिसरं कडवं संपलं. खोलीत शांतता होती आणि त्या शांततेत ती स्पष्ट म्हणाली, "आलो गं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी बोलावलं तुम्हाला?"

बारकी दाराकडे वळली. कुणीच बोलावलं नव्हतं. सरांनी मान खाली घातली. दादा त्यांचाच विद्यार्थी होता. इथे थांबलं तर ती नापास होणार होती, आणि बाहेर आई ऐकत होती.

"पुढचं बोलते," ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "शेवटी कवितेतला माणूस म्हणतो, 'मी म्हटलं, बस. तो माझ्या खुर्चीत बसला, मी तिच्यात असताना.' म्हणजे आत आलेला जिवंत आहे. मेलाय तो बोलणारा. त्याला अजून कळलेलं नाही. घरातलं कुणी त्याला सांगत नाही."

"पण हे तुमच्या आधीच्या मांडणीच्या विरुद्ध जातंय."

"आधीची मांडणी माझ्या भावाची होती. इथपासून माझी."

"परीक्षा तुमची आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग पहिल्या ओळीपासून तुमचं सांगा. त्यांचं धरणार नाही मी."

बारकीने पहिल्या ओळीपासून सांगितलं. अडखळत, दोनदा चुकून. खाकरायच्या जागा आल्या आणि गेल्या. मार्क बेताचेच पडणार, हे तिला बोलतानाच कळत होतं.

ती बाहेर आली तेव्हा आई दाराला टेकून उभी होती.

"तो कुठे थांबला?"

"हाक यायची तिथे."

"आणि नंतर बोलत होती ती?"

"मीच, आई."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या परक्या मुलीकडे पाहावं तसं. "तुझा आवाज बारीक आहे गं," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच नव्हतं."

दोघी निघाल्या. आई मध्ये एका माणसाची जागा सोडून चालत होती. बारकी त्या जागेत शिरली नाही. आईच्या मागून वळून ती पलीकडे गेली आणि तिने आईचा रिकामा हात धरला.