गुहेतली टिटवी

खोका एवढा मोठा होता की दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. बत्तीस इंची, वक्र, सेकंदाला एकशे ऐंशी वेळा चित्र बदलणारा गेमिंग मॉनिटर, आणि तरीही स्वस्त. संपादकबाईंना यात पहिल्यापासून पाणी मुरतंय असं वाटत होतं.

"कात्री कुठे लावलीय ते शोध," त्या फोनवर म्हणाल्या. "एवढ्या किमतीत एवढं कोणी उगाच देत नाही."

कात्री कुठे लावलीय ते शोधणं हाच त्याचा धंदा होता. एका संकेतस्थळासाठी तो मॉनिटर तपासून त्यांची परीक्षणं लिहायचा. त्यासाठी एक खोली भाड्याने घेतली होती. भिंती करड्या, खिडक्यांना जाड काळे पडदे, भरदुपारीसुद्धा आत मिट्ट काळोख. बाहेर गल्लीत माणसं घामाघूम होत असायची आणि हा आत दिवा लावून चहाचा कप शोधायचा.

कात्री सापडायला वेळ लागला नाही. स्टँड नुसता पुढे-मागे कलायचा, वर-खाली व्हायचं नाव नाही. शेवटी त्याच्याखाली दोन जाड पुस्तकं सरकवावी लागली. मागचं प्लास्टिक दाबलं की कुरकुरायचं. टेबलाला धक्का लागला की अख्खा मॉनिटर नंदीबैलासारखा मान हलवायचा. पण स्क्रीनवर रंगमापक लटकवला तेव्हा रंग बरे निघाले आणि काळा रंग तर किमतीच्या मानाने फारच खोल निघाला. अशा पॅनलची एक खोड असते. काळोखातून एखादी गोष्ट झपकन सरकली की काळा रंग तिच्यामागे शाईच्या फराट्यासारखा लोळत जातो. ते तपासणं बाकी होतं, आणि तेच तो दोन दिवस पुढे ढकलत होता.

कारण ते तपासायची जागा ठरलेली होती. एका जुन्या गेममधली गुहा.

त्या गेममध्ये आपलं आपलं जग उभारता येतं. हे जग त्याचं आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. त्याच्या किल्ल्या दोनच, एक ह्याच्याकडे, एक तिच्याकडे. तिला सगळे टिटवी म्हणायचे. चूक दिसली की ती जी किंचाळायची ती शेजारच्या इमारतीत ऐकू जायची. तिची नजर भयंकर तीक्ष्ण होती. भाऊ इथे नवा मॉनिटर लावून बसायचा, ती घरी तिच्या खोलीत, आणि दोघं त्या गुहेत भेटायचे. तो डावीकडून उजवीकडे धावायचा आणि त्याच्या मॉनिटरवरचं चित्र तिला दिसावं म्हणून समोर कॅमेरा लावलेला असायचा. काळा फराटा दिसला की ती बोलायची नाही. गेममधली तिची बाहुली दोनदा पटपट खाली बसून उठायची. म्हणजे, दादा, सापडलं.

मग तापाचं निमित्त झालं आणि टिटवी गेली. तेव्हापासून तो त्या जगात गेला नव्हता.

"दुसरी जागा बघतो ना," तो संपादकबाईंना म्हणाला.

"तुलना व्हायला जागा तीच हवी रे. वाचक विचारतात." मग त्यांचा आवाज खाली आला. "मला कळत नाही असं नाही. पण कधीतरी उघडावंच लागेल ना तुला ते?"

त्याने उघडलं. जग लगेच उघडलं, जसं काही कालच बंद केलं होतं. गुहेत तो नेहमीच्या जागी उभा राहिला. पडदा काळाकुट्ट. हेडफोनमध्ये पाणी ठिबकत होतं. तो एकदा डावीकडून उजवीकडे धावला. फराटा होता, दगडाची कड जाईल तिथे काळा रंग ओघळत होता. त्याने टिपून घेतलं आणि पुढच्या कामाला लागला.

स्वस्त मॉनिटरांत हल्ली अंधार उजळणारी एक सेटिंग असते. शत्रू कोपऱ्यात दबा धरून बसला असेल तर दिसावा म्हणून. तिने रंगांचं पार वाटोळं होतं. सगळं राखेत बुडवून काढल्यासारखं दिसतं. दर परीक्षणात तो एकच वाक्य लिहायचा, ही सेटिंग बंदच ठेवा. तरी तपासायची म्हणून त्याने ती एकेक पायरी वर नेली. आधी भिंतीचे दगड दिसू लागले. मग जमिनीवरची ओल. शेवटची पायरी चढवली तेव्हा उजव्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, कोणीतरी उभं असलेलं दिसलं.

पिवळं जाकीट, राखाडी पडलेलं. आखूड केस. खांदे सावकाश वर-खाली होत होते.

टिटवी.

तरी सवय सुटत नाही. त्याने सेटिंग खाली आणली. काळोख. कोणी नाही. वर नेली. ती होती. पॅनलचा दोष असेल म्हणून त्याने केबल काढून आपल्या जुन्या महागड्या मॉनिटरला लावली. तिथेही आधी काळोख, आणि उजेड वाढवला की तीच, तिथेच. दोष मॉनिटरचा नव्हता. त्याने केबल पुन्हा नव्याला लावली आणि काहीतरी करायचं म्हणून, निव्वळ सवयीने, डावीकडून उजवीकडे धावला. दगडाच्या कडेमागून काळं लोळत गेलं.

भिंतीकडे तोंड केलेली टिटवी दोनदा पटपट खाली बसली आणि उठली.

हेडफोन त्याने कधी फेकला, दार कधी उघडलं, त्याला आठवत नाही. भानावर आला तेव्हा तो गल्लीत उन्हात अनवाणी उभा होता. समोरची बाई गॅलरीतून सतरंजी झटकत होती. "काय हो, भूत पाहिल्यासारखे का उभे?" ती हसत म्हणाली.

तळपाय पोळायला लागले तसं डोकं चालू लागलं. गेममध्ये बाहुली दिसायला पलीकडचा संगणक चालू असावा लागतो. म्हणजे आई-बाबांच्या घरी, तिच्या खोलीत, तिचा संगणक कोणीतरी लावला होता. पण आई तर म्हणाली होती की ती खोली बंद असते. आणि त्या घरात ते यंत्र कोणाला येत होतं? आईला मोबाइलवर फोटो मोठा करता यायचा नाही. बाबांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यापासून त्यांनी रेडिओशिवाय कुठल्या यंत्राला हात लावला नव्हता.

त्याने आईला फोन केला. "आई, टिटवीच्या खोलीत कोणी जातं का गं?"

"तू येतोस का घरी?" ती म्हणाली. "फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी जाण्याआधी त्याने हिंमत करून पुन्हा गुहा उघडली. ती होती. त्याने लिहिलं, 'कोण आहे?' उत्तर आलं नाही. नुसते खांदे वर-खाली. त्याने मुकाट्याने चपला घातल्या.

आईने दार उघडलं ते ओठावर बोट ठेवूनच. "आत आहेत," ती कुजबुजली. "रोज दुपारी जेवण झालं की बसतात. तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, पोरगा आधीच खचलाय, त्यात त्याला वाटेल बापाचं डोकं फिरलं."

टिटवीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाबा तिच्या खुर्चीत बसले होते, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, स्टेअरिंग सोडून थांब्यावर बसायचे तसे. समोर तिचा जुना मॉनिटर होता, लहानसा, निम्मे दिवे गेलेला. त्यावर काहीच दिसत नव्हतं, काळा चौकोन. पण छोट्या स्पीकरमधून आवाज येत होता. पाणी ठिबकत होतं. आणि त्या मागे, सावकाश, एका मुलीचा श्वास.

तो शेजारी पलंगाच्या कडेवर बसला. बाबांनी मान वळवली नाही.

"सामान आवरायला आलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, हे चालू होतं का बघू. बटण दाबलं. आपोआप सुरू झालं आणि हा आवाज." मग म्हणाले, "तिचाच आहे ना?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. पण बाबांशी तो कधी खोटं बोलला नव्हता. "गेममधल्या बाहुलीचा आहे, बाबा. उभी राहिली की ती श्वास घेते. सगळ्यांना हाच आवाज ऐकू येतो."

"असू दे," बाबा म्हणाले. "पहिली पाळी असायची तेव्हा मी दिवा न लावता बूट चढवायचो. तुम्ही दोघं झोपलेले. तुझा श्वास जड, तिचा असा. तेवढा ऐकायचो आणि निघायचो."

मग ज्यासाठी आला होता ते त्याने विचारलं. "बाबा, काल दुपारी तुम्ही इथलं काही दाबलंत का?"

"चालू करायचं बटण. उठताना तेच पुन्हा. बाकी कशाला हात नाही लावत मी. लावला आणि आवाज बंद पडला तर?"

"नाही, म्हणजे कीबोर्डवर चुकून..."

"कीबोर्ड कुठाय इथे?"

नव्हताच. टेबलावर नुसता त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, आजूबाजूला धूळ. दारात उभी असलेली आई म्हणाली, "तो आणि तो माउस मी तेव्हाच गुंडाळून कपाटात ठेवला. वायर लोंबत होती, पायात यायची."

त्याने वाकून संगणकाच्या मागे हात घातला. कीबोर्डची वायर जोडायची जागा रिकामी होती. आईला कपाट उघडायला सांगितलं. जुन्या ओढणीत गुंडाळलेला कीबोर्ड आतल्या कप्प्यात होता, आणि ओढणीची गाठ आईच्या हातची, दुहेरी, घट्ट.

काल दोनदा खाली बसून कोण उठलं होतं? तो ते कोणालाच बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. स्पीकरमधला श्वास चालू होता आणि त्या खोलीत, त्या तिघांत, त्याला भीती वाटली नाही हे मात्र त्याच्या लक्षात आलं. एवढंच वाटलं की बाबा रोज सगळी दुपार एका काळ्या चौकोनासमोर घालवतात, आणि त्यात काय आहे हे त्यांना ठाऊकसुद्धा नाही.

त्याने परीक्षण पुरं केलं. स्टँड डळमळीत, प्लास्टिक हलकं, अंधारात काळं लोळतं, बाकी पैसा वसूल. संपादकबाईंनी वाचून फोन केला. "अंधार उजळायच्या सेटिंगबद्दल काहीच नाही? तुझं ते ठरलेलं वाक्य?"

"नको ते. ज्याला अंधारात बघायचं असेल तो लावेल."

"बरं," त्या म्हणाल्या. "कंपनीला नग परत नकोय. अडगळीत टाकू नकोस म्हणजे झालं."

रविवारी तो खोका घेऊन घरी गेला. टिटवीच्या खोलीचं दारही खोका आडवा करूनच ओलांडता आलं. बाबा मदतीला उठले, पण अस्वस्थ होते. "जुना काढलास तर ते सगळं जाणार नाही ना?"

"आवाज संगणकात आहे, बाबा. हा नुसता आरसा." त्याने केबल लावली, ओढणीची गाठ सोडून कीबोर्ड जोडला आणि बटण मात्र बाबांनाच दाबायला सांगितलं.

पाणी ठिबकू लागलं. श्वास आला. बत्तीस इंची काळोख टेबलभर पसरला. त्याने ती सेटिंग वर नेली, एकेक पायरी. बाबा पुढे झुकले. दगड. ओल. इथे गुहा बाहुलीच्याच डोळ्यांनी दिसत होती; त्याने दृश्य हलक्या हाताने तिच्या पाठीमागे घेतलं, आणि बाबांना पाठमोरी, पिवळ्या जाकिटातली मुलगी दिसली.

"ही?" बाबांनी विचारलं. आई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"हो. तिनेच बनवली होती. केस बघा ना, तिच्यासारखेच कापलेत."

"मी समोर बसायचो तेव्हा ही होती इथे?"

"होती."

बाबा पुष्कळ वेळ बघत राहिले. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत त्यांच्या गुडघ्यावर आलं. आईने डोळे पुसले, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा येऊन तिथेच उभी राहिली. स्टँडला बाबांचं कोपर लागलं तशी टिटवी जराशी डोलली. बाबांनी घाईने दोन्ही हातांनी पडदा धरला आणि ती स्थिर झाल्यावरच सोडला.

"हिला चालवता येतं," तो म्हणाला. "शिकवू? बाहेर तिने तळ्याकाठी घर बांधलंय. वळायला बसपेक्षा सोपं आहे."

"नंतर," बाबा म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. मग त्यांनी अगदी हळू, कोणी झोपलेलं असताना विचारावं तसं विचारलं, "हिला बसवता येतं का रे? पोरगी कधीची उभी आहे. पाय दुखले असतील."

त्याने कीबोर्ड बाबांच्या पुढ्यात सरकवला आणि त्यांचं जाड बोट धरून कोपऱ्यातल्या बटणावर ठेवलं. बाबांनी दाबलं. टिटवी भिंतीपाशी खाली बसली.