रोझालियाची काथवट

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. पोलंडमधल्या एका खेड्यात वालेंती व्येझ्बानं लिंडनच्या ओंडक्यातून मला कोरून काढलं, आपल्या नव्या नवरीसाठी, रोझालियासाठी. दर शनिवारी ती माझ्यात काळ्या पिठाचा पाव मळायची. मळून झालं की मला खरवडायची, पण धुवायची कधीच नाही. आमच्या गावात काथवट धूत नाहीत. कडेला राहिलेलं पीठ आंबतं आणि पुढच्या पावाला तेच फुगवतं. आमचा पाव गावात नावाजलेला होता आणि मला त्याचा भारी तोरा होता. सणावाराला वालेंतीची बहीण अंतोनिना मला उसनी न्यायची, कारण तिची काथवट तडकलेली होती.

मग लढाई आली. वालेंती गेला तो परत आलाच नाही. जर्मनांनी जवळच्या शहरातले ज्यू हाकून नेले. त्यांना आसरा देणाऱ्याला घरादारासकट गोळी आणि त्यांचा पत्ता सांगणाऱ्याला साखर, अशी दवंडी पिटली गेली.

एका संध्याकाळी, धार काढायच्या वेळी, गित्ला दारात उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं आमच्या खिडक्यांना काचा बसवल्या होत्या. त्याला नेलं होतं. तिच्या शालीआड तिची छोटी लेक फायगा कुडकुडत होती.

"आधी आत या," रोझालिया म्हणाली. "दारात उभं राहून गाव गोळा करायचंय का?"

सबंध हिवाळा त्या दोघी गोठ्यात, बटाट्यांच्या खड्ड्यामागे राहिल्या. जास्त पीठ मळलं तर शेजाऱ्यांना संशय येणार, म्हणून एकीच्या पावात तिघी जेवायच्या. रोझालियाची गालफडं बसली.

वसंत आला. ईस्टर तोंडावर होता. रोझालिया चर्चला गेली असताना पोरीचे केस धुवायला गित्ला घरात आली. थोडं गरम पाणी उरलं आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"आपल्या वल्हांडणाच्या सणाआधी माझी आई सगळं घर घासून काढायची," ती फायगाला म्हणाली. "आंबलेल्याचा कण ठेवायची नाही. रोझालियाला द्यायला माझ्याकडे दुसरं आहे तरी काय?"

ती शहरातली बाई, पाव भट्टीवरून आणणारी. तिला कुठून माहीत असणार! राख आणि वाळू घेऊन तिनं मला कानाकोपऱ्यांतून घासलं. किती प्रेमानं घासलं! मी मात्र मनातून हादरले होते.

रोझालिया परतली आणि दारातच थबकली. "अगं गित्ला, हे काय करून बसलीस!" तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. मायलेकी कशाबशा चुलाण्यामागे दडल्या. अंतोनिना आत आली.

"वहिनी, काथवट नेते हं. ईस्टरचा पाव..." तिनं माझ्यात हात घातला आणि गप्प झाली. "ही कुणी धुतली?"

"मीच, वन्सं. उंदीर पडला होता."

"मला शिकवतेस? लग्नाआधी शहरातल्या ज्यूंच्या घरी चूल पेटवायला जात होते मी. दर वसंतात, सणाआधी, तिथल्या बायका अस्संच घासून घ्यायच्या माझ्याकडून." तिचा आवाज खाली आला. "कुठे ठेवलंयस त्यांना?"

रोझालियानं दार लोटून घेतलं.

"माझी पोरं आहेत गं वहिनी. आपली छपरं एकमेकांना लागून आहेत. तुझं पेटलं की माझं पेटणार. घालव त्यांना."

"कुठे घालवू? लांडग्यांच्या तोंडी?"

अंतोनिना मला न घेताच निघून गेली.

अंधार पडताच रोझालिया दोघींना दलदलीपलीकडे रानात कोळसा पाडणाऱ्यांकडे पोचवून आली. तीही तिकडेच राहिली असती तर वाचली असती. पण सकाळी धुराडं थंड दिसलं असतं तर शिपाई लगेच मागावर निघाले असते. म्हणून ती परत आली आणि तिनं चूल पेटवली. शिपाई आले. गोठ्यात बटाट्यांच्या खड्ड्यामागे निजून दबलेला पेंढा त्यांना सापडला. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, मारलं. तिनं तोंड उघडलं नाही. विहिरीपाशी तिला गोळी घातली. चुलीवर तिची लापशी अजून रटरटत होती.

मला अंतोनिना घेऊन गेली. तिच्या फळीवर साखरेची नवी पिशवी होती. ती भीतीपोटी बोलली की साखरेपोटी, मला कधी कळलं नाही. तिनं माझ्यात नवं आंबवण घातलं. पाव फुगू नये असं मला फार वाटलं, मित्रांनो. पण तो फुगला, पहिल्यासारखाच छान, आणि तिच्या पोरांनी पोटभर खाल्ला.

बऱ्याच वर्षांनी एक तरुण बाई दारात आली. अंतोनिना माझ्यात पीठ मळत होती.

"माझं नाव फायगा. मी आणि आई लढाईत रोझालिया नावाच्या बाईकडे होतो. त्या कुठे असतात?"

अंतोनिनाचे हात पिठात रुतले. "या नावाचं इथे कोणी नव्हतं."

बाईनं घरावरून नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली. "चुकून आले असेन, मावशी," म्हणाली आणि गेली.

आता अंतोनिनाच्या नातसुनेनं माझ्यात माती भरून फुलं लावली आहेत. येणारेजाणारे कौतुक करतात. जुन्या वस्तू जपाव्यात, असं तुम्हाला शाळेत सांगत असतील. मला नाही जपलं तरी चालेल, मुळांनी मी उकलत चालले आहेच. पण गावातल्या एकाही दगडावर तिचं नाव नाही आणि माझ्या लाकडाला जीभ नाही. म्हणून तुम्ही एकदा मोठ्यानं म्हणा, मित्रांनो: रोझालिया व्येझ्बा इथे राहत होती.