हरणाविरुद्धचा ठराव

आमच्या घरात दर रविवारी सकाळी तीन पुरुष जमतात आणि एका परदेशी कंपनीला शिव्या घालतात. चहा माझा, भडंग माझं, वर कांदा चिरून देणारीही मीच. शिव्या तेवढ्या त्यांच्या.

कंपनीचा गुन्हा असा, की तिने ‘डेड डेपो’ नावाचा एक बंदुकांचा गेम काढला आणि नंतर त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं. फोनवर खेळायचा गेम. पाच जण या बाजूला, पाच जण त्या बाजूला, आणि मधल्या पडक्या गोदामात एकमेकांना गोळ्या घालायच्या. नाव ऐकून माझ्या सासऱ्यांची अजून समजूत आहे, की पोरं एसटीच्या प्रश्नावर बैठका घेतात. जाता-येता ते कौतुकाने बघतात आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. घरात कुणाला तरी समाधान असावं.

आठ वर्षांपूर्वी या गेमची नुसती हवा होती. आता त्यातलं उत्तरेचं गेट अडकलंय ते अडकलंयच. कुठल्यातरी नाताळात उभं केलेलं दिव्यांचं झाड पुढच्या सगळ्या गणपती-दिवाळ्यांना लुकलुकत उभं आहे. खेळणारी माणसं कमी झाली तशी रिकाम्या जागी कंपनीने बॉट सोडले. बॉट म्हणजे माणसाचं नाव लावून पळणारं यंत्र. ते भिंतीवर जाऊन आदळतं आणि तिथंच पाय हलवत राहतं. दुकान तेवढं मात्र कधी बंद पडलं नाही. सोनेरी बंदूक विकत घ्यायची म्हटली की कंपनी लगेच जागी होते, आणि आमचे लोक कंपनीला शिव्या घालत घालत ती घेतात.

या तिघांत पहिले आमचे इंद्रजितराव. माझे यजमान. विश्रामबागेत पाण्याच्या मोटारींच्या दुकानात मॅनेजर. गेममधलं नाव ‘इंद्रजित सरकार’. दुसरे कुंडलचे तानाजी, बेदाण्याचे व्यापारी आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत माइक हातात आला की न सोडणारे सभासद. तिसरे आष्ट्याचे महेंद्र. ते साताऱ्याला बँकेत असतात, रविवारी आईला भेटायला आले की वाट वाकडी करून इकडे येतात. तिघांत कमी बोलणारे तेच, त्यामुळे त्यांना भडंग जरा जास्त मिळतं.

चौथी हरणा. तिला या तिघांनी कधी बघितलेलं नाही. तिच्याकडून मार मात्र तिघांनीही भरपूर खाल्ला आहे, आणि त्यामुळे ती बॉटच असली पाहिजे असं त्यांचं ठाम मत आहे.

हरणा म्हणजे मी.

कॉलेजात असताना, गेम नवा होता तेव्हा मी हे खातं काढलं. आटपाडीच्या माळावर माझी आजी हरणाबाई मेंढरं राखायची आणि चुकार मेंढराच्या पुढ्यात गोफणीने असा दगड टाकायची, की मेंढरू वळायचं पण त्याला दगड लागायचा नाही. तिचं नाव घेतलं. पहिल्या आठवड्यात माइकवर एकदा बोलले, तर समोरच्यांनी बंदुका खाली ठेवल्या आणि माझं गाव कुठलं, नंबर काय, लग्न झालंय का, हे विचारायला लागले. माइक बंद केला तो कायमचा. त्यानंतर मी फक्त गोळ्या घातल्या. दिवसभर मी शाळेत पोरांची बाई, घरात कुणाची सून, कुणाची वहिनी असते. त्या गोदामात मी हरणा होते आणि मी आले की लोक पळायचे. मला ते फार आवडायचं.

लग्न झाल्यावर यांना सांगितलं होतं, की मीपण गेम खेळते. “ते रंगीत गोळ्या फोडायचं व्हय?” म्हणाले, आणि उत्तर यायच्या आत फोनमध्ये डोकं घातलं. चार वर्षं आम्ही एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांना मारतोय. म्हणजे मी मारतेय. त्यांनी मान वळवून माझ्या फोनकडे एकदाही बघितलं नाही. माझी पाककृती चाललेली असणार, असं त्यांनी धरलेलंच होतं. मी लपवलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

तर त्या रविवारी वाद पेटला तो हरणावरून. तानाजींच्या मते सगळा दोष बॉटचा, बॉट काढले की गेम सुधारला. आमच्या यजमानांच्या मते बॉट हे नुसतं लक्षण, खरा रोग म्हणजे कंपनीचं दुर्लक्ष. आपण इतकी वर्षं निष्ठेने खेळलो, पैसे घातले, आणि आपल्याकडे ढुंकून बघायला कुणाला वेळ नाही. जवळच्या माणसाला असं गृहीत धरायचं म्हणजे काय, असंसुद्धा ते म्हणाले. मी कांदा चिरत होते. सुरी जरा जोरात पडली असेल.

मग पुरावे निघाले. हरणा कधी बोलत नाही. माणूस असता तर इतक्या वर्षांत एक तरी शिवी दिली असती, असं तानाजींचं म्हणणं. हरणाचा नेम चुकत नाही, म्हणजे यंत्रच. आणि ती कधीकधी ऐन लढाईत जागेवर थिजते आणि गायब होते. तेव्हा कंपनीचं नेट जात असणार, असा आमच्या मॅनेजरांनी निष्कर्ष काढला. दूध उतू जात असायचं. गॅसजवळ कोण उठून जातंय हे याच माणसाला दिसायला हवं होतं, पण ते तेव्हा हरणाच्या विचारात असायचे.

महेंद्रांना हे पटत नव्हतं. ते म्हणाले, की मी एकदा तिच्यासमोर गुडघे वाकवून दोनदा उठबस केली, म्हणजे नमस्कार केला, तर तिनेपण दोनदा उठबस केली आणि मगच मला मारलं. बॉट नमस्कार कशाला करेल?

“शिकिवलं असंल त्याला,” तानाजी म्हणाले. “हल्ली यंत्रास्नी समदं शिकिवत्यात.”

आणि त्यांनी सभा सुरू केली. ही त्यांची जुनी सवय. विषय क्रमांक एक, ‘हरणा’ या बॉटविरुद्ध कंपनीकडे तक्रार करणे. सूचक इंद्रजितराव, अनुमोदक तानाजी. ठराव पुरता वाचायच्या आधीच ‘मंजूर, मंजूर’ अशी आरोळी झाली, जशी कारखान्याच्या सभेत होते. तिथे निदान मांडव असतो आणि नंतर जेवण मिळतं.

घोडं अडलं इंग्रजीपाशी. कंपनीला मराठी येत नाही आणि यांना इंग्रजी. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. तिघांनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत हरणाकडे पहिल्यांदाच तिघांनी एकदम बघितलं, आणि म्हणाले, वहिनी, एवढं लिहून द्या.

मी लिहून दिलं.

का दिलं, तर मला मजा वाटली. या कंपनीने गेट उघडलं नाही, झाड काढलं नाही, कुणाच्या पत्राला कधी उत्तर दिलं नाही. ती काय वाचणार? म्हणून मी अगदी हात सैल सोडून लिहिलं. ही हरणा मानवी असणं शक्यच नाही, हिची नजर माणसाची नाही, हिच्यात दयामाया नाही, हिच्यामुळे तीन प्रामाणिक खेळाडूंचं मानसिक खच्चीकरण झालेलं आहे. स्वतःची इतकी स्तुती मी जन्मात केली नव्हती. तिघांना वाचून दाखवलं तर यजमान म्हणाले, झकास, यातलं एक अक्षर हलवू नको.

आठवडाही झाला नसेल. कंपनीने उत्तर दिलं.

इतक्या वर्षांतलं पहिलं उत्तर. तुमच्या सविस्तर आणि समर्थ तक्रारीबद्दल आभार, सदर खाते कायमचे बंद करण्यात आले आहे, आणि तिन्ही तक्रारदारांना कृतज्ञता म्हणून एकेक सोनेरी हेल्मेट. इंद्रजितराव घरभर नाचले. जिलेबी आणली. मला म्हणाले, तुझ्या इंग्रजीनं कंपनी हादरली बघ. मी स्वयंपाकघरात जाऊन गेम उघडला. हरणा नव्हती. नाव टाकलं की लाल अक्षरांत एक ओळ येत होती, आणि मागे ते नाताळचं झाड लुकलुकत होतं. गेट अडकलेलंच. भिंतीवर आदळणारे खरे बॉट जिथल्या तिथे. सगळ्या गोदामात कंपनीला यंत्र वाटलं ते एकच, आणि ते माझ्या भाषेमुळे वाटलं.

मी रडले. एका गेमसाठी बाई रडली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. जिलेबी मी खाल्ली नाही, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कंपनीकडे दाद मागितली. त्याचंही उत्तर आलं, आता त्यांना उत्तरं द्यायची चटक लागली होती. खाते परत हवे असल्यास, ते माणसाचे आहे असे दोन जुन्या खेळाडूंनी आपापल्या खात्यातून कळवावे. म्हणजे पुन्हा सूचक आणि अनुमोदक.

पुढच्या रविवारी मी चहा ठेवला नाही. हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, आजची सभा माझी. विषय क्रमांक एक, हरणा मी आहे.

आधी तिघे हसले. मग तानाजींनी माझ्यासमोरच वाद सुरू केला, की वहिनी थट्टा करतात की खरंच बोलतात, आणि खरं असलं तर पुरावा काय. मी तिथेच बसलेली. मग मी पुरावा दिला. तानाजींना सांगितलं, की तुम्ही शिडी चढताना कधी खाली बघत नाही, म्हणून कायम शिडीवर मरता. मग यजमानांकडे वळले.

“आन तुमी पाण्याच्या टाकीमागं दडून बसता,” मी म्हणाले. “दोन गोळ्या झाल्या की बंदूक भरता. मग डावीकडनं बाहेर येता. चार वर्षं डावीकडनंच येताय. मी उजवीकडं कधी बघितलंच न्हाई.”

इंद्रजितरावांचा चेहरा पडला. त्यांना पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच तो पडला.

मी काय पाहिजे ते सांगितलं. दोघांनी दोन ओळी पाठवायच्या, बास. इंग्रजी मीच लिहून देते. महेंद्रांनी लगेच हात वर केला.

“मी सूचक,” ते म्हणाले. “वहिनी, मला तवाच कळायला पायजे हुतं. बॉट नमस्कार करत न्हाई.”

आता अनुमोदक. मी तानाजींकडे बघितलंच नाही. ज्याच्या शेजारी चार वर्षं बसून खेळले, त्याच्याकडे बघितलं. ते सोफ्याच्या हातावरचा दोरा ओढत बसले होते. तानाजीच बोलायला लागले, की राग मानू नका, पण तक्रार मागं घेतली तर सोनेरी हेल्मेट जाईल. शिवाय गेममध्ये आपली इतकी ओळख आहे. बॉटनं मारलं म्हटलं की लोक कंपनीला हसतात. घरातल्या बाईनं मारलं म्हटल्यावर कुणाला हसतील?

“आवं, तुमी बोला की,” मी यजमानांना म्हणाले.

ते म्हणाले, “नवीन खातं काढ की गं. त्यात काय एवढं?”

विषय संपला. मंजूर, मंजूर कुणी म्हणालं नाही. महेंद्र उठून स्वयंपाकघरात गेले आणि स्वतः चहा टाकून आले. चांगला केला होता, आलं जरा जास्त झालं होतं. यजमानांनी तो खाली मान घालून प्यायला. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही कधी आली नव्हती. दुर्लक्ष करणाऱ्या कंपनीवर तासभर बोलणारा माणूस, दोन ओळी पाठवायच्या तर हेल्मेट सांभाळत बसला.

मी त्यांचं ऐकलं. नवीन खातं काढलं.

या गेममध्ये कोण कुणाला मारतो ते सगळ्यांच्या पडद्यावर वर ठळक अक्षरांत, यंत्राच्या मराठीत उमटतं, आणि एकदा घेतलेलं नाव बदलता येत नाही. ती सोय कंपनी करणार होती, नंतर विसरली. पुढच्या रविवारी तिघे फोन घेऊन बसले. मी सोफ्याच्या माझ्या टोकाला. महेंद्र म्हणाले, मी वहिनींच्या बाजूने खेळतो. इंद्रजितराव टाकीमागे गेले, दोन गोळ्या झाडल्या, आणि या वेळी हुशारी करून उजवीकडून बाहेर आले. मी उजवीकडेच उभी होते. तिघांच्या पडद्यावर, आणि खेळणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या पडद्यावर, एक ओळ उमटली.

‘सौ. इंद्रजित सरकार यांनी इंद्रजित सरकार यांना ठार केले.’

महेंद्रांना हसू आवरेना. तानाजी शिडीवर होते, ते वरच थांबले. कुणीतरी नागपूरचा पोरगा माइकवर विचारत होता, की भाऊ, घरचीच का? दुसऱ्या डावात तीच ओळ पुन्हा उमटली. तिसऱ्यात दोनदा. याला बॉट म्हणायचीही सोय नव्हती, नवऱ्याच्या नावासकट पुरावा होता.

शेवटी चार वर्षांत पहिल्यांदा यजमानांनी मान वळवली आणि माझ्या फोनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“समीक्षा, नाव तेवढं बदल की,” ते हळूच म्हणाले. “लोक इच्यारायला लागलेत.”

“माझ्या हातात न्हाई ते,” मी म्हणाले. “कंपनीला तक्रार करा. इंग्रजी तेवढं तुमचं तुमी लिवा.”