अमृताला लेझरचा जयभीम

बस काकासाहेब, ती खुर्ची वढ. परवा आपल्या शेंद्र्यावरून विमान उतरता उतरता वर का गेलं, ते सांगतो तुला. आधी हासशील. मग हासणार नाय.

आमची अमृता विमानतळाच्या टॉवरात बसती, तुला ठावं हाय. पायलटाला उतर म्हणती, थांब म्हणती. औंदा तिथं नवं मशीन आलंय, सोताच्या डोक्यानं आभाळ बघणारं. पाखरं कुठं उठली, लाईट कुठून मारली, जागेसकट सांगतं. अमृतानंच शिकवलं त्याला, लेकरागत.

परवा आमच्या पुतण्याची, धम्मपालची हळद. दिवस मावळताना डीजेवाला राजकुमार हिरवी लेझर फिरवत व्हता. तेवढ्यात करमाडाकडून विमान आलं. मी पाव्हण्यात छाती फुगवून म्हणलं, "ह्याला माझी पोरगी उतरवती."

नवरीचा मामा म्हणला, "मग जयभीम तरी घाला की तिला."

मी राजकुमारला म्हणलं, "मार रं विमानावर."

इमानानं सांगतो, विमानानं नाक वर केलं आन् निघून गेलं. आम्हाला वाटलं, सलाम पोचला. लेझरनं पायलटाच्या डोळ्यापुढं अंधारी आलती, आन् आम्ही हिथं टाळ्या वाजवत व्हतो. दुसऱ्या खेपेला उतरलं बिचारं, नीट.

ड्युटी सुटल्यावर अमृता आली ती थेट मंडपात. "आबा, मशीन म्हणतंय लेझर आपल्या अंगणातून आली. तुम्ही मारली का?"

सगळे पाव्हणे माझ्याकडं बघायले. म्या म्हणलं, "नाय गं. तुझं मशीनच येडं हाय."

मामा खाली बघून सुपारी कातरत राह्यला.

तिनं इचारलं नाय पुन्हा. साहेबाला जाऊन सांगितलं, आमचे आबा खोटं बोलत नायत, मशीन चुकलं. आता उद्या दिल्लीचे साहेब येऊन मशीन बंद करणार. आन् पोरगी आत बसलीय लॅपटॉप घिऊन, शिकवताना आपलं कुठं चुकलं ते हुडकीत. सकाळधरनं जेवली नाय. मी चहा घिऊन दारापोत्तर गेलो, तसाच माघारी आलो. थंड झाला, म्याच पिला.

ह्या वयात पोरीपुढं मान खाली घालायची, काकासाहेब. पाय उचलत नाय. तू बोलू नको काय. नुसता दाराशी उभा राहा, मी तिला खरं सांगूस्तोवर. आन् मागं फिरलो, तर वाट अडव माझी.