गोळी न लागलेला झेंडा

मी स्पेनचा एक जुना झेंडा आहे, मित्रांनो, आणि आता अगदी वैतागलो आहे. पलटणीचा मानाचा झेंडा नव्हे. मी एका साध्या शिपायाचा, शर्टाच्या आत मावणारा. सेलेदोनियो आफ्रिकेत इफ्नीच्या लढाईवर निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने, ओब्दुलियाने, स्वतःचा लाल परकर आणि खोलीचा पिवळा पडदा फाडून मला शिवले.

तिकडे सेलेदोनियो खेचरे सांभाळायचा. पाव माझ्यातच गुंडाळून ठेवायचा. एकदा एका खेचराने पावाबरोबर माझाही लचका तोडला! घरी परतल्यावर तो हा किस्सा येईल त्या पाहुण्याला ऐकवत असे.

पुढे तो म्हातारा होऊन वारला, मग ओब्दुलियाही गेली. मुलाने घर रिकामे करताना बहिणीला न विचारता मला जुन्या कपड्यांत विकून टाकले. मी पोचलो माद्रिदच्या रविवारच्या बाजारात, इलारियोच्या दुकानात. त्याच्याकडे युद्धातल्या वस्तू जमवणारे शौकीन येत. आणि या माणसाने काय करावे? कात्री घेऊन माझे भोक छान गोल कापले!

"शत्रूची गोळी, साहेब, थेट छातीत!"

दर रविवारी हीच थाप. मला तोंड असते तर मी बाजार डोक्यावर घेतला असता.

एके दिवशी सेलेदोनियोची मुलगी रोसाउरा आली. कित्येक महिने ती मला दुकानोदुकानी शोधत होती. मला हातात घेऊन म्हणाली, "कापड तर आईच्या पडद्याचंच वाटतंय. पण हे भोक?"

"गोळीचं, बाई! बिचारा शिपाई जागीच गेला."

"मग हा आमचा नाही." तिने मला खाली ठेवले, डोळे पुसले आणि वळली.

अरे मूर्खा, बोल ना खरं! मी मनातल्या मनात ओरडलो.

इलारियोची बायको पाका मागेच बसली होती. ती कडाडली, "खोटारड्या, ती बाई रडतेय! कात्री चालवण्याआधी भोक कसं होतं, ते सांग तिला."

इलारियो कानापर्यंत लाल झाला. "वेडंवाकडं होतं," तो पुटपुटला. "कुणीतरी चावल्यासारखं."

रोसाउराने झडप घालून मला उचलले.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात असतो. तळलेल्या लसणाचा वास अंगात मुरलाय, पण त्याची तक्रार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. हवा दाखवा, नीट घडी घाला. पण त्यांच्या अंगावर मनाने रचलेली शौर्यगाथा चिकटवू नका. ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणा. एवढे दोन शब्द बोलायला तुमचे काय जाते?