शून्य फेऱ्या

रेल्वे पाहिजे म्हणजे पाहिजे, असं म्हणत सायमीने एकशे ब्याण्णव सह्या दारोदार हिंडून गोळा केल्या होत्या. जो सही देईना, त्याच्या पायरीवर ती बसकण मारायची आणि त्याच्या आजोबापासून सगळ्यांचा उद्धार करायची. म्हणून आज अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरलेल्या सभेत ती पहिल्या रांगेत ताठ बसली होती. शेजारी तिचा नवरा उर्हो, टोपी गुडघ्यावर घेऊन.

जिल्ह्याच्या कचेरीतून आलेली रीका कागद चाळत म्हणाली, "सह्या भरपूर आहेत. पण सोबत विचारलं होतं, तुम्ही स्वतः आठवड्याला किती फेऱ्या कराल? तिथे सगळ्यांनी एकच आकडा भरलाय. शून्य."

"बरोबर आहे," मागून शेजारचा वेइको म्हणाला. "आमच्याकडे गाड्या आहेत. आमचं भागतं."

"मग रेल्वे कुणासाठी?"

"गावासाठी."

"गाव म्हणजे कोण?"

पाय मोडला तरी इथला माणूस 'भागतं' म्हणणार. छप्पर बर्फानं खाली आलं तरी तेच. सरकारी कागदावर 'मला गरज आहे' असं लिहायचं म्हणजे भर चौकात कपडे काढण्यासारखं. सायमीनेही शून्यच भरलं होतं, चांगलं ठसठशीत.

रीका दमलेली दिसत होती. "नव्वद किलोमीटर रूळ आणि वाटेत आठशे माणसं. कचेरीत सगळे म्हणतात, रेल्वे कशाला, बसगाडी पुरेल. तरीही मी भांडले असते. पण शून्य घेऊन कशी भांडू? आज या आकड्यांत दुरुस्ती झाली नाही, तर उद्या रेल्वेची फाइल बंद. बसचीसुद्धा. ज्याला खरोखर जायचंय, त्यानं हात वर करा."

हात कोण वर करणार? या गावात कॉफीचा पहिला पेलाही कुणी उचलत नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि कॉफी निवते.

सायमीचा हात मांडीवर घट्ट होता. उर्होला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात न्यावं लागे. गावातला शेवटचा टॅक्सीवाला धंदा मोडून किनाऱ्याकडे गेला, तेव्हापासून गाडी तीच चालवायची. आणि नाताळापासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं झालं होतं. गेल्या मंगळवारी उजवीकडच्या फाट्यावरून लाकडाचा ट्रक आला तो तिला दिसलाच नाही. "डावीकडे, सायमे!" असं उर्हो ओरडला म्हणून दोघं आज इथं बसले होते. दाराजवळ गावची नर्स बसली होती. तिच्या कानावर गेलं की लायसन गेलं. लायसन गेलं की उर्हो घरात.

रीका कागद गोळा करू लागली.

सायमीने हात वर केला.

"सहा लिही, पोरी. तीन दिवस, जाणं आणि येणं." तिने नर्सकडे वळून पाहिलं. "माझा उजवा डोळा गेलाय. मी अर्धाच रस्ता बघून चालवते."

वेइको ताडकन उठला. "मंगळवारी माझ्या नातीच्या शाळेच्या गाडीमागे तू होतीस!"

"होते."

"वेडी झालीस काय?"

"भागत होतं," सायमी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या शब्दाची लाज वाटली.

नर्सनं पेला खाली ठेवला. "सायमी, मला कळवावं लागेल."

"कळव की. म्हणून तर मोठ्यानं बोलले. कुजबुजले असते, तर तू ऐकलं नाही म्हणाली असतीस."

"खरं सांगते, सायमीबाई," रीका हलकेच म्हणाली. "झाली तरी रेल्वेला दहा वर्षं. बसला एक."

उर्हो हसला. "मला गुरुवारी जायचंय."

सायमीने पिशवीतून गाडीची किल्ली काढली आणि वेइकोपुढे धरली. मागणं तिला येत नव्हतं, म्हणून ते हुकमासारखं बाहेर पडलं. "गुरुवारी सकाळी सहाला. आणि गाडीत बडबड नको."

वेइकोने किल्लीकडे पाहिलं. सायमीने हात खाली घेतला नाही. शेवटी त्याने किल्ली घेतली.

"जातोच आहे तर गुडघा दाखवून येतो," तो पुटपुटला. "दोन वर्षं जिना चढता येत नाही."

रीकाने त्याचा फॉर्म पुढे सरकवला.

"एक लिही," वेइको म्हणाला, कुणाकडेही न बघता. "नाही, दोन. परत यायचंय."